मंगलच्या डोक्यातला पहारा

फौजेतला नवरा रजेवर येतो तेव्हा तो पाहुणा असतो. त्याच्यासाठी कोंबडी कापतात, ठेवणीतली चादर काढतात, आणि तो निघाला की बायको दारामागं जाऊन डोळे पुसते. तोच नवरा पेन्शन घेऊन कायमचा घरी आला की घरातला एक माणूस होतो. घरातल्या माणसाला आज भाजी कसली करू, असंही कुणी विचारत नाही. उंब्रजचा धनाजी हवालदार घरी येऊन दोन वर्षं झाली तेव्हा कुठं त्याला हे कळलं. कळल्यापासून त्याला झोप लागेना.

त्याची बायको मंगल रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, कारण चूक, सुनावणी आणि शिक्षा हा क्रम त्याला पाठ होता. ती वेळेवर चहा द्यायची, त्याचे गुडघे दुखले तर तेल कोमट करून द्यायची. पण खोलीचं दार लोटून, त्याला गव्हाचं पोतं टेकवून धनाजी जवळ सरकला, की ती म्हणायची, "दमलीय वं," आणि भिंतीकडं तोंड करायची. क्वचित भिंतीकडं वळायची नाही. मग तिथं असायची, पण टपालानं आलेल्या पाकिटासारखी: वर नाव तिचं, आतलं माणूस दुसरीकडंच. धनाजीला ते भिंतीपेक्षा जास्त लागायचं. तो गुपचूप मागं सरकायचा आणि छताकडं बघत पडायचा.

पोतं टेकवायचं कारण, दाराला कडी नव्हती. मुलगा शिवतेज तीन-चार वर्षांचा असताना आतून कडी लावून अडकला होता, तेव्हा धनाजीच्या आईनं, साळूबाईंनी, पहार घालून ती उचकटली होती. शिवतेज आता पुण्यात नोकरी करत होता. कडीचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. साळूबाईंची खाट त्या दाराबाहेरच, सोप्यात होती.

श्रावणात ग्रामपंचायतीत बायकांचं आरोग्य शिबिर झालं. सांगलीच्या एका दवाखान्यातून डॉक्टर अंकिता आल्या होत्या. वजन, रक्त, साखर झाल्यावर त्यांनी मंगलला हळूच विचारलं, "पिशवीचं ऑपरेशन झाल्यावर इच्छा कमी झाली का?"

"कसली?" मंगलनं विचारलं.

डॉक्टरांनी कसली ते सांगितलं, आणि सांगलीत बायकांच्या मेंदूचे फोटो काढून आम्ही हेच तपासतो, असंही सांगितलं. मंगल लाजली नाही. ती घरी आली, भाकरी थापायला बसली आणि चार भाकरी करपवल्या. संध्याकाळी धनाजीला म्हणाली, "मला सांगलीला न्ह्या. डोक्याचा फोटो काढायचाय."

"डोक्याला काय झालं?"

"काय झालंय का तेच बघायचंय. आवं, बाईच्या मनात नवऱ्याबद्दल कवा येतं, कवा येत न्हाई, ते मेंदूत दिसतंय म्हणं. मला बघायचंय, माझं मेलंय का नुसतं झोपलंय." ती चुलीकडं बघत बोलत होती. "मेलं आसंल तर तसं सांगू द्यात. पर मला रोज तुमचं तोंड बघवत न्हाई, तुमी मागं सरकता तवा."

धनाजीला यावर काहीतरी चांगलं बोलायचं होतं. त्यानं विचारलं, "गाडीत पेट्रोल किती हाय?"

साळूबाईंना डोकेदुखी सांगण्यात आली. त्या म्हणाल्या, "डोकं माझंबी दुखतंय की. माझा न्हाई कुणी फोटू काढत."

*

आमच्या सातारच्या पट्ट्यात मेडिकल म्हटलं की माणसाला एकच मेडिकल आठवतं: भरतीचं. छाती फुगवा, कान दाखवा, पाय जुळवा, आणि मग शिक्का. फिट किंवा अनफिट. ज्या घरात पोरगं अनफिट झालं त्या घरात आठ दिवस मोठ्यानं कुणी बोलत नाही. त्यामुळं धनाजीनं सांगलीच्या तपासणीचा अर्थ लावला तो असा: मंगलचं मेडिकल आहे. मंगल अनफिट झाली तर ती आयुष्यभर भिंतीकडं तोंड करणार. आणि मंगल फिट निघाली तर? मग अनफिट कोण, हे सांगायला मशीनची गरज नव्हती. दोन्हीकडून घाम फुटण्यासारखीच गोष्ट होती.

मेडिकलची तयारी करायची असते. धनाजीनं बदाम भिजत घातले. मंगलनं ते सासूच्या शिऱ्यात घातले. मग तो दादासोकडं गेला. दादासो त्याचा पलटणीतला दोस्त, आता हायवेला भरतीची अकॅडमी चालवायचा. मैदानात पोरं पळत होती आणि दादासो खुर्चीत बसून त्यांना अजून जोरात पळायला सांगत होता.

"एकाची बायको हाय," धनाजी म्हणाला. "तिच्या मेंदूचं मेडिकल हाय."

"कुठल्या रेजिमेंटला?"

"रेजिमेंट न्हाई रं. सांगलीला. नवऱ्याचा आवाज ऐकवत्यात आन मशीनीत बघत्यात."

"काय बघत्यात?"

"काय हुतंय का."

दादासोनं शिट्टी तोंडातून काढली. "गड्या," तो म्हणाला, "माझा आवाज आला की आमच्या घरातलं कुत्रं उठून भाईर जातंय. मला इचारू नगंस."

"पर काय तयारी?"

"कुणाची? तिची का त्याची?"

धनाजी उठला. मागून दादासो ओरडला, "त्या एकाला सांग, ऑर्डर दिल्यासारखं बोलू नगं म्हणावं!"

आवाजाचं काम धनाजीकडंच होतं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं, "एरवी तिच्याशी प्रेमानं बोलता तसं दोन मिनिटं रेकॉर्ड करून पाठवा." एरवी म्हणजे कधी, हे विचारायचा धीर त्याला झाला नाही. दुपारी मंगल दळण आणायला गेल्यावर तो खोलीत शिरला, दाराला पोतं लावलं, डोक्यावर वाकळ घेतली आणि मोबाइल तोंडाशी धरला.

"मंगल. मी धनाजी बोलतोय." इथं तो थांबला, कारण पुढं सैन्यातला क्रमांक तोंडात आला होता. "तर... इकडं सगळं ठीक हाय. तू लय करतीस. घरचं, आईचं, माझं. हिरव्या साडीत तू... बरी दिसतीस. बरी म्हंजे लय बरी. मी तिकडं हुतो तवा तुझा फोटो पेटीच्या झाकणाला आतनं लावलेला हुता. सांगितलं न्हाई कवा." वाकळीत फार उकडत होतं. "जवळ यी की जरा. जवळ यी."

पाठवून दिलं आणि मोबाइलमधून पुसून टाकलं. मग पाठवल्याचा पश्चात्ताप झाला, पण सांगलीत निळ्या खुणा उमटल्या होत्या.

*

मशीनमध्ये धातू चालत नाही असं आधीच कळवलं होतं. सुनेचा गळा मोकळा राहणार म्हटल्यावर साळूबाईंनी पिवळ्या दोऱ्यात हळकुंड ओवून दिलं आणि बजावलं, "मनी काढायच्या आधी हे बांध." सांगलीच्या दवाखान्यात मंगलनं तसंच केलं. मंगळसूत्र धनाजीच्या खिशात गेलं, कानातलं गेलं, बांगड्या गेल्या. अडली ती जोडवी. लग्नात घातलेली, त्यानंतर पाय भरले, बोटं भरली. ती निघेनात.

सिस्टर म्हणाली, "तिकडं हात धुवायचा साबण आहे. लवकर करा."

धनाजी बाकापाशी खाली बसला. मंगलचा पाय त्यानं मांडीवर घेतला, बोटांना साबण चोळला आणि जोडवं हळूहळू फिरवू लागला. टाचेच्या भेगा त्याला पहिल्यांदा दिसल्या. चार माणसं बघत होती.

"आवं, लोक बघत्यात."

"बघू द्यात. हलू नगंस. दुखतंय का?"

"न्हाई." थोड्या वेळानं ती म्हणाली, "गुदगुल्या हुत्यात," आणि पदर तोंडाला लावून हसली. धनाजीनं घाबरून वर पाहिलं. मेडिकलच्या आधी उमेदवारानं हसू नये, असं त्याचं मत होतं. जोडवी निघाली. बोटांवर दोन पांढरे वळ राहिले. मंगल आत गेली आणि दार बंद झालं.

आतून मशीनचा ठकठक आवाज येत होता. धनाजीचा एक हात खिशात मंगळसूत्रावर होता. आता त्याचा आवाज तिच्या कानात चालला असेल. पेटीच्या झाकणाचं आलं असेल. समजा, तिच्या मेंदूत काहीच झालं नाही तर? पडद्यावर नुसतं काळं? किंवा, झालं, आणि ते दुसऱ्याच कुणाचं निघालं तर? तो सियाचीनला असताना गावात कोण कोण होतं हे तो आठवू लागला. दूधवाला आठवला. तो वारला होता. तरीही धनाजीनं त्याला लगेच सोडलं नाही.

*

डॉक्टर अंकितांनी दोघांना खोलीत बसवलं. मंगल परत साडी नेसली होती आणि केस नीट करत होती. पडद्यावर एका डोक्याचं चित्र होतं. अक्रोड फोडल्यावर दिसतो तसं.

"हे पक्कं नाही हं," डॉक्टर म्हणाल्या. "पक्कं व्हायला बऱ्याच जणींचं बघावं लागतं, आणि ह्यातलं पुष्कळसं अजून आम्हालाही कळलेलं नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून दाखवते. एक गोष्ट सांगते मंगलताई, काही मेलेलं नाही."

मंगलनं श्वास सोडला. धनाजीनं घेतला. आता पाळी त्याची होती.

"डोक्यात एक भाग असतो, सावध राहणारा. धोका नाही ना, कुणी येत नाही ना, हे बघत बसणारा. आमचा अंदाज असा, की हा जरा शांत झाला तर बाईच्या मनातलं बाकीचं पुढं सरकतं. आता बघा. आधी मी एका माणसाला गुळाचे बाजारभाव वाचायला लावले होते, साधा आवाज म्हणून. तेव्हा हा भाग असा." तिथं काही नव्हतं. "एकदम निवांत."

"कोण माणूस?" धनाजीनं विचारलं.

"आमच्या ऑफिसातले क्लार्क. का?"

"न्हाई. सहज. वय काय त्यांचं?"

"आवं, गप बसा की," मंगल म्हणाली.

"आणि हा तुमचा आवाज." डॉक्टर जरा अडखळल्या. "सुरुवातीला ठीक आहे. फोटोचं म्हणता तिथं तर छानच. पण शेवटी, 'जवळ ये' म्हणता तिथं..." पडद्यावर तो भाग चुलीतल्या निखाऱ्यासारखा पेटला होता. "तिथं हा एकदम उठलाय."

"म्हंजे धोका मी," धनाजी म्हणाला.

"तसं नाही म्हणता येणार..."

"अनफिट म्हणा की सरळ. मला सवय हाय." तो उभा राहिला. खिशातलं मंगळसूत्र काढून त्यानं मंगलच्या हातात दिलं, ड्यूटी संपल्यावर सामान जमा करतात तसं. "येतो डॉक्टर. आभारी हाय."

"खाली बसा," मंगल म्हणाली. ती पडद्याकडं नाही, भुवया आवळून टेबलाकडं बघत होती. "बाई, त्यांचं ते परत लावा बघू. शेवटाकडचं."

डॉक्टरांनी लावलं. हिरवी साडी आली, पेटीचं झाकण आलं. धनाजीनं कानशिलं धरली. "जवळ यी की जरा..."

"थांबवा! ऐकलासा?"

दोघांनीही काही ऐकलं नव्हतं.

"परत. आवाज मोठा करा."

डॉक्टरांनी आवाज पूर्ण वाढवला. वाकळीच्या सळसळीमागं, भिंतीच्या पलीकडून, फार बारीक, कुणीतरी दोनदा खोकलं.

"आत्या," मंगल म्हणाली.

धनाजीनं पुन्हा ऐकलं. त्याची आईच होती.

"हा साधा खोकला न्हाई बाई," मंगल डॉक्टरांना समजावू लागली. आता तिचा आवाज भाकरी कशी थापायची हे सांगावं इतका सरळ होता. "साधा आसला की लांब चालतो. दोनदा खोकून थांबल्या की कायतरी पायजे आसतं. पानी, न्हाईतर गोळी. तिसऱ्यांदा खोकल्या म्हंजे उठल्या. उठल्या की आमच्या दाराशी येत्यात आन ढकलत्यात. पोतं सरकतंय, बाई. कडी न्हाई दाराला." ती थांबली. "मशीनीत पडले हुते तवाबी मला वाटलं, आता उठायला पायजे."

"रोज ऐकतीस तू हे?" धनाजीनं विचारलं.

"रोज म्हंजे? ऐकायला कान लावायला लागतोय व्हय? दुधाचं ऐकायचं, पाण्याच्या मोटारीचं ऐकायचं, आत्यांचं ऐकायचं. तुमी जवळ आला की आजूनच जास्त ऐकू येतंय. तिसरा खोकला येतोय का, तेवढंच."

धनाजी इतकी वर्षं पहाऱ्यावर उभा राहिला होता. दोन तासांनी बदली यायची. बदली आली नाही तर माणूस काय होतो, हे त्याला चांगलं माहीत होतं: हाक मारणाऱ्या स्वतःच्या सुभेदारावरही बंदूक रोखतो. तो परत खुर्चीत बसला.

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "रेकॉर्डिंग शांत जागी करून पाठवा. पुन्हा बघू. आणि हो, एक विचारायचं राहिलं. अगदी सुरुवातीची चार-पाच मिनिटं मी काहीच वाजवलं नव्हतं. तेव्हा तुमचं डोकं फार छान होतं. कशाचा विचार चालला होता?"

"कशाचाच न्हाई," मंगल म्हणाली, आणि पायाची बोटं साडीखाली ओढून घेतली.

*

परतताना इस्लामपुरात धनाजीनं गाडी हार्डवेअरच्या दुकानासमोर उभी केली.

"कडी द्या. आतनं लावायची."

"गोठ्याला का संडासाला?"

"खोलीला."

"मग ही घ्या, छोटी."

"मोठी द्या," धनाजी म्हणाला. दुकानदारानं दाखवलेल्यांपैकी त्यानं घेतली ती बहुधा गोदामाची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर तो दाराला ती ठोकू लागला. साळूबाई खाटेवर उठून बसल्या.

"दिवसाढवळ्या कडी कशाला रं?"

"वाऱ्यानं दार आपटतंय."

"वारं कुठाय?"

"यील."

साळूबाईंनी बाहेरच्या लिंबाकडं पाहिलं. पान हलत नव्हतं. त्या पुन्हा आडव्या झाल्या, पण डोळे मिटले नाहीत.

धनाजीनं आत येऊन कडी लावली. तिचा असा काही आवाज झाला की शेजारच्या घरात कळावं. गव्हाचं पोतं कोपऱ्यात, काम सुटलेल्या माणसासारखं उभं होतं. मंगल हिरव्या साडीत पलंगाच्या कडेला बसली होती. धनाजी तिच्याशेजारी बसला, मधे एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून.

बाहेर साळूबाई दोनदा खोकल्या.

मंगलची मान ताठ झाली. आता धनाजीला ते दिसलं. इतकी वर्षं समोर होतं, आणि दिसलं ते आता. ती उठायला लागली तसा त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला,

"आई! तांब्या उशाला भरून ठेवलाय. गोळी डबीत हाय, पांढरी. दूध तापवलंय, गॅस बंद केलाय. मोटार संध्याकाळी मी बघतो."

साळूबाईंचा आवाज आला, दाराच्या बराच जवळून. "मंगल कुठाय?"

"आत हाय."

"आजारी हाय व्हय?"

"न्हाई. रजेवर हाय."

दार एकदा ढकललं गेलं. कडीनं ऐकलं नाही. चपला फरफटत खाटेपर्यंत गेल्या.

मंगल पदर तोंडात कोंबून हसत होती. हसता हसता तिचे डोळे भरले. मग तिनं खोल श्वास घेतला आणि पाय वर घेऊन आडवी झाली. भिंतीकडं तोंड करून. धनाजी मागं सरकणार, तेवढ्यात ती या कुशीवर वळली.

"म्हणा आता."

"काय?"

"सांगलीत म्हणलासा ते."

धनाजीला त्यातला एक शब्द आठवेना. अखेर त्यानं खाली हात नेला आणि तिच्या पायाचं बोट धरलं, परत घातलेलं जोडवं हळू फिरवलं.

"दुखतंय का?"

"न्हाई," मंगल म्हणाली.

बाहेर साळूबाई तिसऱ्यांदा खोकल्या. धनाजीनं स्पष्ट ऐकलं. मंगलनं ऐकलं की नाही, हे सांगायला आता तिथं मशीन नव्हतं, आणि तिला विचारायची त्याची छाती झाली नाही. पण तिचे डोळे मिटलेले होते, आणि ती उठली नाही.